भिंती लुकलुकतात, क्षितिज कलतं, डोकं गरगरतं: दोष कार्डाचा नाही, कॅमेऱ्याच्या हिशेबाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका मोठ्या इमारतीच्या आणि तिच्या आवाराच्या त्रिमितीय मॉडेलमधून चालत फिरता यावं म्हणून तुम्ही ओपनजीएलवर (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याची प्रोग्रामरांसाठीची सोय) स्वतःचा प्रोग्राम लिहिलाय. चित्र उमटतं, फिरताही येतं, पण पाच तक्रारी आहेत. लांबच्या भिंतींवर पट्टे लुकलुकतात. जवळचं रेलिंग चालताना थरथरतं. सरळ वर पाहिलं की दृश्य गर्रकन उलटतं, आणि माऊस बराच वेळ फिरवला की क्षितिजच तिरकं होतं. तुमच्या मशीनवर चालणं मऊ वाटतं, सहकाऱ्याच्या मशीनवर तेच जड आणि सुस्त. आणि दहा मिनिटं वापरलं की काहींना मळमळायला लागतं. यावर नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, की सगळं टाकून एखाद्या तयार इंजिनाकडे वळावं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको, निदान आत्ता नको. या पाचांतला एकही दोष कार्डाचा नाही. इंजिन घेतलंत तर दोन-तीन तक्रारी आपोआप मिटतील, उरलेल्या तशाच तुमच्याबरोबर तिकडे येतील, आणि मग त्या कुठे दडल्यात हे शोधणं आणखी अवघड जाईल. मी बरीच वर्षं याच कामात आहे. माझा अनुभव असा, की चित्र काढणारा कोड एकाकडे आणि फिरवणारा कोड दुसऱ्याकडे दिला की घोळाला सुरुवात होते. चित्रातला दोष चालण्याच्या कोडमध्ये सापडतो, आणि चालण्यातला चित्राच्या. तुमचं लुकलुकणं हे त्याचंच उदाहरण आहे, त्याकडे येतेच. पण सुरुवात रेलिंगपासून करू, कारण ते स्थिर झाल्याशिवाय बाकी काही नीट पाहताच येणार नाही.

मॉडेल सर्व्हेच्या कोऑर्डिनेट्समध्ये आलंय, असं तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहिलंय. खरं तर तुमच्या सगळ्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. यूटीएम या नकाशाच्या, मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीत पूर्वेकडचा आकडा काही लाख मीटरांत असतो, आणि उत्तरेकडचा सहज वीस लाखांच्या घरात जातो. जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्स कार्डावरच्या प्रोसेसरला, आपण देतो ३२ बिटांचा फ्लोट, म्हणजे दशांश चिन्हाचा आकडा. त्यात आकड्याच्या अचूकतेसाठी मिळतात जेमतेम २४ बिट. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी त्याच्या आणि शेजारच्या आकड्यामधली फट मोठी. १ मीटरच्या आसपास ही फट मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. ५ लाखांजवळ ती ३ सेंटीमीटर होते, आणि २० लाखांजवळ साडेबारा सेंटीमीटर. मधलं काही लिहिताच येत नाही.

आता तुम्ही म्हणता की रेलिंगचा आकार शाबूत आहे, ते फक्त हलतं. यावरून कळतं की रेलिंगचे व्हर्टेक्स, म्हणजे कोपऱ्यांचे बिंदू, त्याच्या स्वतःच्या मूळबिंदूपासून मोजलेले आहेत, म्हणजे लहान आकडे आहेत. अवाढव्य आकडे आहेत ते रेलिंगच्या जागेचे आणि कॅमेऱ्याच्या जागेचे. दर फ्रेमला हे दोन राक्षसी आकडे एकमेकांतून वजा होतात, उत्तर येतं दोन-तीन मीटर, आणि त्या उत्तरात दोन्हीकडचं राउंडिंग जसंच्या तसं उरतं. तुम्ही पाऊल पुढे टाकलंत की कॅमेरा फटीच्या या टोकावरून त्या टोकावर उडी मारतो. डोळ्याला दिसते ती थरथर हीच.

उपाय कंटाळवाणा आहे आणि रामबाण आहे. मॉडेल लोड करताना आवाराच्या मधोमध एक बिंदू ठरवा आणि प्रत्येक जागेतून तो ६४ बिटांत, सीपीयूवर वजा करा. त्यानंतरच ३२ बिटांत उतरवा. तुमचं आवार एक-दोन किलोमीटरचं असेल तर एवढ्यावर काम संपलं, कारण १ किलोमीटरवर फट मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. शेकडो किलोमीटर फिरायचं असतं तर मूळबिंदूच चालणाऱ्याबरोबर सरकवत न्यावा लागला असता. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ या खेळात सुरुवातीच्या काळात यानं धुमाकूळ घातला होता. दूर अंतराळात यानाचे सुटे भाग थरथरून आपोआप विखुरायचे आणि खेळाडूंनी त्या अदृश्य शत्रूला ‘क्राकन’ असं राक्षसाचं नाव ठेवलं. शेवटी यानालाच जगाचा मध्य मानून बाकी विश्व त्याच्याभोवती सरकवायचं, असं करावं लागलं.

आता क्षितिज.

पहिलं म्हणजे, मशीनमध्ये कॅमेरा नावाची वस्तू नसते. डोळा कायम शून्यावर असतो, ठरलेल्या दिशेला पाहत. आपण ‘कॅमेरा दोन पावलं पुढे नेला’ म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात सगळं जग दोन पावलं मागे ढकललेलं असतं. व्ह्यू मॅट्रिक्स (जगाला डोळ्यासमोर आणून ठेवणारा आकड्यांचा तक्ता) म्हणजे कॅमेऱ्याच्या मॅट्रिक्सचं उलट, ते एवढ्याचसाठी. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी कोड लिहिताना बहुतेक जण तेच करतात जे तुम्ही केलंय असा माझा अंदाज आहे: मॅट्रिक्स जपून ठेवायचं, आणि माऊस हलला की त्यालाच आणखी एक छोटं रोटेशन गुणायचं. मग क्षितिज कललं की म्हणायचं, राउंडिंगच्या चुका साठत गेल्या असतील, दर फ्रेमला मॅट्रिक्स नॉर्मलाइज करू. केलंत तरी क्षितिज कलेलच. इथे राउंडिंगचा संबंध जवळजवळ नाही. ही शुद्ध भूमिती आहे.

पटत नसेल तर फोन हातात घ्या. उभा धरा, स्क्रीन तुमच्याकडे, पाठीचा कॅमेरा समोर. पहिली हालचाल: फोनला वर पाहायला लावा. पाठ छताकडे जाईल आणि फोनची वरची कड तुमच्याकडे येईल. दुसरी: आता फोनच्या स्वतःच्या लांब अक्षाभोवती त्याला डावीकडे वळवा. पाठ डाव्या भिंतीकडे झाली, वरची कड अजून तुमच्याकडेच. तिसरी: फोनच्या दृष्टीनं ‘मान खाली’ घाला. पाठ पुन्हा समोर आली, जिथून सुरुवात केली तिथेच. पण फोन आडवा आहे, वरची कड डाव्या हाताला. वर, डावीकडे, खाली. एकदाही कलवलं नाही, तरी बरोबर ९० अंश कलला. माऊस गोल गोल फिरवताना हेच बारीक बारीक प्रमाणात घडत राहतं.

म्हणून चालणाऱ्या माणसाचा कॅमेरा मॅट्रिक्स म्हणून साठवायचाच नाही. साठवायची ती जागा आणि दोन कोन: यॉ (डावी-उजवीकडे वळणं) आणि पिच (वर-खाली पाहणं). यॉ नेहमी जगाच्या उभ्या अक्षाभोवती, पिच नंतर कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आडव्या अक्षाभोवती. दर फ्रेमला या दोन आकड्यांवरून मॅट्रिक्स कोरं करकरीत बांधायचं. रोल, म्हणजे बाजूला कलणं, साठवायला जागाच नाही, तर तो साठेल कुठे? यॉ मात्र ३६० च्या आत गुंडाळत राहा, नाहीतर कुणी तासभर एकाच दिशेला गिरक्या घेत बसलं की तोही आकडा फुगतो.

वर पाहिल्यावर गर्रकन उलटणं हा याचाच भाऊ, पण कारण वेगळं. तुम्ही ‘लुक-अ‍ॅट’ फंक्शन वापरताय. ते नजरेची दिशा आणि ‘वर’ची दिशा यांचा क्रॉस प्रॉडक्ट (दोन्हींना काटकोनात असलेली दिशा देणारा गुणाकार) घेऊन उजवी बाजू काढतं. नजरच सरळ वर गेली की दोन्ही दिशा एक होतात, गुणाकार शून्यावर येतो, आणि उजवी बाजू कुठली हे त्या फंक्शनला कळेनासं होतं. किंचित पुढे गेलात की चिन्ह उलटतं आणि त्याबरोबर दृश्यही. लोक पिच ८९ अंशांवर अडवून ठेवतात, ते याचसाठी. चालतं तेही. पण दोन कोनांवरून मॅट्रिक्स थेट बांधलंत तर बरोबर ९० वरसुद्धा काही बिघडत नाही, कारण उजवी बाजू एकट्या यॉवरून ठरते. पिच ९० वर अडवा ते मान त्यापुढे जात नाही म्हणून. गणित मोडतं म्हणून नव्हे.

इथे कुणीतरी तुम्हाला ‘क्वाटर्नियन वापरा’ असा सल्ला देईलच. क्वाटर्नियन म्हणजे रोटेशन चार आकड्यांत लिहायची पद्धत. गणितज्ञ हॅमिल्टनला ते १८४३ मध्ये डब्लिनमधल्या एका पुलाजवळून चालताना सुचले आणि त्यानं सूत्र तिथेच पुलाच्या दगडावर कोरलं. संगणकाच्या चित्रांत ते रुळले १९८५ च्या केन शूमेकच्या निबंधानंतर. सुंदर प्रकरण आहे, पण चालणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. विमान, अंतराळयान, पाण्याखालचा पोहणारा, म्हणजे ज्याला ‘वर’ असं काही ठरलेलं नाही, त्यांच्यासाठी ते हवेत. आणि एका ठरलेल्या दृश्यावरून दुसऱ्या दृश्यावर अलगद सरकायचं असेल तर हवेत. तेव्हा एवढं लक्षात ठेवा: प्रत्येक रोटेशनची दोन रूपं असतात, एक क्वाटर्नियन आणि त्याचं ऋण. दोघांचा डॉट प्रॉडक्ट ऋण आला तर एकाचं चिन्ह बदलून घ्यायचं. विसरलात तर कॅमेरा २० अंश वळण्याऐवजी उलट्या बाजूनं ३४० अंशांची प्रदक्षिणा घालून येतो. माझ्या एका सादरीकरणात तो समोर बसलेल्या सगळ्यांदेखत तसा फिरला होता. त्यानंतर मी ती ओळ कधी विसरले नाही.

आता तुमच्या लुकलुकणाऱ्या भिंती.

डेप्थ बफरची कल्पना १९७४ ची. एडविन कॅटमलच्या युटा विद्यापीठातल्या प्रबंधात ती आहे, आणि जर्मनीत वोल्फगांग श्ट्रासरनं त्याच वर्षी स्वतंत्रपणे मांडली. प्रत्येक पिक्सेलसाठी एक अंतर लिहून ठेवायचं, नवा ट्रँगल त्याहून जवळ असेल तर रंगवायचा, नाहीतर सोडून द्यायचा. इतकं सोपं, की त्या काळी न परवडणारी मेमरी तेवढी आड आली. पण बफरमध्ये जे लिहिलं जातं ते सरळ अंतर नसतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. पर्स्पेक्टिव्हच्या भागाकारानंतर पडद्यावर सरळ रेषेत बदलतं ते ‘एक भागिले अंतर’. हार्डवेअरला ट्रँगलभर तेच पसरवणं सोयीचं, म्हणून तेच साठवलं जातं.

ज्याच्या अलीकडचं काही काढलंच जात नाही ते नियर प्लेन, आणि ज्याच्या पलीकडचं काढलं जात नाही ते फार प्लेन. नियर प्लेन ‘न’ अंतरावर आणि फार प्लेन बऱ्यापैकी लांब असेल (हा ‘फार’ मराठीतला नव्हे, पण अर्थ जवळपास तोच), तर ‘अ’ अंतरावरच्या भिंतीसाठी बफरमध्ये साधारण १ − न/अ हा आकडा जातो. तुमचा नियर तुम्ही ०.०१ लिहिलाय, म्हणजे १ सेंटीमीटर. एक मीटरवरच्या वस्तूचा आकडा झाला ०.९९. म्हणजे बफरचा ९९ टक्के भाग तुम्ही डोळ्यासमोरच्या पहिल्या एका मीटरवर उधळला. उरलेलं सगळं आवार एका टक्क्यात कोंबायचं.

याचा परिणाम किती, तेही मोजता येतं. ‘अ’ अंतरावर डेप्थ बफरला ओळखू येणारी सगळ्यात लहान फट साधारण अ × अ ÷ न ÷ २ चा २४ वा घात, २४ बिटांचा बफर धरून. ५०० मीटरवरच्या भिंतीसाठी, नियर १ सेंटीमीटर असताना, हे येतं जवळजवळ दीड मीटर. म्हणजे तिकडे बाहेरची भिंत आणि तिच्यामागची आतली भिंत यांत पुढची कुठली हे बफरला सांगता येत नाही. कधी ही जिंकते, कधी ती. पट्टे दिसतात ते या झटापटीचे. नियर १५ सेंटीमीटर करा, हीच फट १० सेंटीमीटरवर येते. २०० मीटरवर दीड सेंटीमीटरच्या आसपास. ‘फार’ प्लेन ५,००० वरून १,००० वर आणून मात्र काहीच पदरात पडत नाही. तरी पहिल्यांदा सगळे तोच आकडा बदलून बघतात. मीही बघितला होता, दोन दिवस.

मग नियर १ सेंटीमीटर ठेवला कुणी, आणि का? मी पैजेवर सांगते: भिंतीला चिकटून उभं राहिलं की भिंत कापली जाऊन पलीकडची खोली दिसत होती. ती दिसू नये म्हणून कुणीतरी नियर कमी करत गेलं. दोष होता टक्कर ओळखणाऱ्या कोडमध्ये, आणि त्याची किंमत मोजली डेप्थ बफरनं. चित्र आणि चाल वेगळ्या काढू नका म्हणते, ती यासाठी.

हिशेब असा करा. नियर प्लेन हा कॅमेऱ्यासमोर धरलेला एक छोटा आयत. भिंत कापली जाते ती त्याच्या कोपऱ्यांपाशी, कारण डोळ्यापासून मध्यापेक्षा कोपरे लांब असतात. उभा फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारा कोन, ६० अंश आणि पडदा १६:९ असेल तर कोपऱ्यापर्यंतचं अंतर नियरच्या साधारण १.५५ पट भरतं. तेव्हा चालणाऱ्या माणसाच्या कॅप्सूलची (टक्कर तपासण्यासाठी त्याच्याभोवती कल्पिलेल्या गोल टोकांच्या नळकांड्याची) त्रिज्या याहून मोठी हवी, एवढीच अट. तुमची कॅप्सूल ३० सेंटीमीटर त्रिज्येची आहे, म्हणजे नियर १९ सेंटीमीटरपर्यंत नेता येतो. १५ ठेवा, थोडी सवड राहील. त्यासाठी डोळा कॅप्सूलच्या अक्षावरच हवा, आणि वरच्या गोलाच्या मध्यापेक्षा उंच नको. ‘जास्त खरं वाटावं’ म्हणून कुणी तो चेहऱ्याच्या जागी पुढे सरकवला असेल तर मागे घ्या.

एवढ्यानं बहुतेक पट्टे जातील. उरलेच तर रिव्हर्स्ड झेड करा. डेप्थ बफर ३२ बिट फ्लोटचा घ्यायचा आणि जवळचं १, लांबचं ० असा उलटा लावायचा. फ्लोटचे आकडे शून्याजवळ दाटीवाटीनं असतात आणि ‘एक भागिले अंतर’ लांबवर विरळ होत जातं. दोन दोष एकमेकांना खाऊन टाकतात. ओपनजीएलमध्ये मूळची डेप्थची पट्टी −१ ते १ अशी असल्यामुळे हा फायदा हातातून निसटतो, तेव्हा ४.५ आवृत्तीत आलेल्या क्लिप कंट्रोलनं ती ० ते १ करून घ्या. तुलनेचं चिन्ह उलटवा, बफर पुसताना ० नं पुसा, प्रोजेक्शन मॅट्रिक्स बदला. यातलं एक जरी राहिलं तरी पडदा काळाठिक्कर, घाबरू नका. भिंतीच्या पृष्ठभागावर अगदी चिकटवून काढलेली पाटी मात्र कुठल्याच बफरनं नीट दिसणार नाही, कारण तिथे फट खरोखरच शून्य आहे. तिला थोडी पुढे ओढा किंवा पॉलिगॉन ऑफसेट (डेप्थचा आकडा किंचित सरकवणारी सोय) लावा.

चालण्याकडे वळते. तुमच्या वर्णनावरून वाटतं की कॅमेरा ‘मऊ’ करण्यासाठी दर फ्रेमला उरलेल्या अंतराच्या १० टक्के सरकवायचा, असं तुम्ही लिहिलंय. सगळे असंच लिहितात. अशा हिशेबात निम्मं अंतर कापायला साडेसहा फ्रेम लागतात. ६० फ्रेमच्या मशीनवर हा सेकंदाचा नववा भाग. १४४ च्या मशीनवर सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी, म्हणजे ताठ. ३० वर दुप्पट, म्हणजे पाण्यात चालल्यासारखं. कोड एकच, चाल तीन तऱ्हेच्या. १० टक्क्यांच्या जागी वेळेचा हिशेब आणा: निम्मं अंतर किती सेकंदांत कापायचं हे ठरवा, समजा ०.११, आणि दर फ्रेमला उरलेलं अंतर २ च्या ऋण (फ्रेमचा वेळ ÷ ०.११) या घातानं गुणा. आता कुठल्याही मशीनवर चाल तीच.

या उत्साहात एक चूक हमखास होते. वेग फ्रेमच्या वेळेनं गुणायचा असतो, बरोबर. पण माऊसचं सरकणं गुणायचं नसतं. माऊस सांगतो ‘मागच्या वेळेपासून इतका सरकलो’, म्हणजे त्यात वेळ आधीच धरलेला आहे. पुन्हा गुणलात तर फ्रेम अडखळली की मान एकदम जास्त वळते, आणि वापरणारा म्हणतो ‘माऊस घसरतो’. आणखी एक: मान वळवण्याला मऊपणा लावूच नका. पायांना लावा, नजरेला नको. हात थांबला तरी दृश्य सरकत राहिलं की पोट लगेच तक्रार करतं.

भिंतीला धडकल्यावर थांबवू नका, घसरू द्या. वेगातला भिंतीच्या दिशेचा भाग काढून टाकायचा, उरलेल्या वेगानं पुन्हा पुढे. कोपऱ्यात दोन भिंती असतात, म्हणून हे तीन-चार वेळा फिरवावं लागतं आणि तरीही सुटका झाली नाही तर मुकाट थांबायचं. टक्करीचा हिशेब ठरलेल्या पावलानं करा, समजा सेकंदाला ६० वेळा, आणि चित्र काढताना शेवटच्या दोन स्थितींच्या मधली जागा घ्या. जिन्यावर कॅप्सूलला पायरीवर टुणकन चढू द्या, पण डोळ्याची उंची तेवढी मऊ करा. पुढे आणि बाजूला अशी दोन बटणं एकत्र दाबली की वेग १.४१ पट होतो, तेही बघून घ्या.

मळमळण्याचं अर्धं कारण वर येऊन गेलं: कललेलं क्षितिज, थरथर, रेंगाळणारी नजर. उरलेलं बहुधा फील्ड ऑफ व्ह्यूमध्ये आहे. तुम्ही ९० लिहिलंय, पण उभा की आडवा? ओपनजीएलवरच्या बहुतेक मदतनीस फंक्शनांना उभा लागतो. उभा ९० म्हणजे १६:९ च्या पडद्यावर आडवा १२१ अंश, आणि कडेच्या वस्तू रबरासारख्या ताणल्या जाणारच. उभा ६० केलात तर आडवा सुमारे ९१ होतो, बहुधा तुम्हाला हवा होता तोच. खरं पाहिलं तर ६० सेंटीमीटर रुंद पडदा ६० सेंटीमीटरवर ठेवला तर तो डोळ्यासमोर फक्त ५३ अंश व्यापतो. म्हणजे ९१ हीसुद्धा तडजोडच. पण ५३ ठेवलात तर खोलीत शिरल्यावर नळीतून पाहिल्यासारखं होतं. माणसागणिक सहनशक्ती वेगळी, तेव्हा स्लायडर द्या. चालताना डोकं वरखाली हलवणारी ‘खरी वाटणारी’ करामत केली असेल तर ती बंद करायची सोय तरी ठेवा. मी तर काढूनच टाकते.

पुढे कधी हेडसेटवर नेणार असाल तर नियम कडक आहेत. फील्ड ऑफ व्ह्यू हेडसेट सांगेल तोच, ९० हर्ट्झला एका फ्रेमसाठी मिळतात ११ मिलिसेकंद, आणि वापरणाऱ्याची मान तुमच्या कोडनं कधीही वळवायची नाही.

आणि कार्ड? घेण्याआधी सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) पाहणं सोडा आणि प्रत्येक फ्रेमचे मिलिसेकंद मोजा. ६० चा आकडा दाखवणाऱ्या प्रोग्राममध्येही दर दोन सेकंदांनी एक ५० मिलिसेकंदांची फ्रेम लपलेली असू शकते आणि डोळ्याला तीच खुपते. बऱ्याचदा ती एखादं टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) ऐनवेळी लोड झाल्यामुळे येते, तिथे महागडं कार्डही हात टेकतं. शिवाय तुमचं मॉडेल इमारतीचं आहे, ही चैन आहे. खोलीतून बाहेरचं दिसतं ते फक्त दारा-खिडक्यांतून. ज्या दारातून नजरच जात नाही त्यापलीकडची खोली काढायचीच नाही. सेथ टेलरनं बर्कलीतल्या १९९२ च्या प्रबंधात याचं गणित मांडलं, आणि १९९६ मध्ये आलेला ‘क्वेक’ कुठून काय दिसेल याच्या आधीच काढून ठेवलेल्या याद्यांवर तेव्हाच्या घरगुती मशीनवर धावला. तुम्हाला इतकं खोल जायला नको. खोल्या आणि दारं यांची नोंद मॉडेलमध्ये असेल तर दोन-तीन दिवसांचं काम आहे.

हे सगळं करायला घेण्याआधी एक बटण बनवा. ते दाबलं की चालणारा कॅमेरा जागच्या जागी गोठेल, आणि तुम्ही दुसऱ्या, मोकळ्या कॅमेऱ्यानं त्याच्या बाहेर पडाल. गोठलेल्या कॅमेऱ्याचा फ्रस्टम, म्हणजे त्याला दिसणारा जागेचा भाग, रेषांनी काढा, नियरचा छोटा आयत लाल रंगात, कॅप्सूल हिरव्यात. मग भिंतीला खेटून उभे राहा, बटण दाबा, बाहेर पडून मागे वळून पाहा. लाल आयताचा कोपरा हिरव्या कॅप्सूलच्या बाहेर आलेला दिसला, तर नियर आणि त्रिज्या यांतलं काय बदलायचं ते तिथेच कळेल. पाहताना मोकळ्या कॅमेऱ्याचा स्वतःचा नियर मात्र वेगळा ठेवा. मी पहिल्यांदा तोच वापरला होता, आणि लाल आयत दिसायच्या आत कापला जात होता.